भावोजी रेडिओवर बोलतात

माझे भावोजी रोज दुपारी चार ते सहा बोलतात. उरलेला वेळ ते गप्प असतात. हे मी चिडून सांगत नाही, त्यांचं वेळापत्रक सांगतेय. चिडते तेव्हा मी वेगळी चिडते, ते पुढे येईलच.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. सरकारी रेडिओवर उद्घोषक आहेत, आणि तेही अशा केंद्रावर जिथे बातम्या नाहीत, बाजारभाव नाहीत, सिनेमाची गाणी तर नाहीतच. दिवसभर शास्त्रीय संगीत, संध्याकाळच्या सुमाराला जॅझ, आणि मधल्या वेळात एखादा चित्रकार नाहीतर नाटकवाला येऊन आपलं चित्र किंवा नाटक लोकांना का कळलं नाही ते समजावून सांगतो. ऐकणारे मूठभर, पण ऐकतात ते कान टवकारून. रचनेचा दुसरा भाग सांगून तिसरा वाजवला, की केंद्रावर फोन खणखणलाच. एका गृहस्थाने तर पियानो सुरात नाही म्हणून तक्रार केली होती, आणि तो पियानो वाजवणारा मरून शंभर वर्षं झाली असावीत असं तंत्रज्ञ म्हणतो.

भावोजींच्या कार्यक्रमात पहिला तास सेलो, पियानो वगैरे गंभीर मंडळी, दुसरा तास क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वगैरे जरा सैल सुटलेली. मधेमधे भावोजी बोलतात. त्या आवाजाबद्दल मी काही वाकडं बोलणार नाही. शिवणकाम करणारी बाई आहे मी, माप आहे ते आहे. भारदस्त, ऊबदार, कुठलीही घाई नसलेला आवाज. माणूस मात्र हडकुळा, खांदे उतरते. तयार शर्ट एक बसत नाही, मलाच शिवून द्यावे लागतात. एकदा एक बाई फुलं घेऊन केंद्रावर आल्या, खास या आवाजाला भेटायला. भावोजी समोरच उभे होते. बाईंनी फुलं त्यांच्या मागे उभ्या असलेल्या तंत्रज्ञाच्या हातात दिली, कारण तो उंच आहे. भावोजींनी चूक दाखवली नाही. तंत्रज्ञाच्या बायकोला त्या दिवशी फुलं मिळाली, आणि नवऱ्याने नेमकं काय लफडं केलं असेल हे ती अजून शोधते आहे.

घरी भावोजी 'हं' म्हणतात. आखूड हं म्हणजे हो. लांब हं म्हणजे नाही. नाकातून निघालेला हं म्हणजे भाजीत मीठ कमी आहे. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी लागोपाठ दोन आखूड हं दिले, तर ताई ते कौतुकाने आठवडाभर सगळ्यांना सांगत होती.

मग लग्न केलंच कशाला, असं तुम्ही विचाराल. तर बाई आवाजाला भुलली. ताई तेव्हा एका दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटांना नंबराप्रमाणे आत सोडायच्या कामाला होती. पेशंट घाबरू नयेत म्हणून तिथे हे केंद्र लावून ठेवलेलं असायचं. एक दिवस एक रचना तिला फार आवडली, आणि तिचं नाव विचारायला तिने केंद्रावर फोन केला. नाव विचारायला गेली आणि आडनाव लावून आली. फोनवर ते उत्तम बोलायचे. समोर आले तेव्हा मूग गिळून बसले, तर हिला वाटलं, लाजताहेत बिचारे. जाईल हळूहळू लाज, म्हणाली. पुढे मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. लाज काही कुठे गेली नाही.

यावर ताईने आपल्यापुरती एक तोड काढली होती. ती मला कशी कळली ते सांगते. तिच्या कोटाचं अस्तर बदलून झालं होतं, ते द्यायला मी चारच्या सुमाराला तिच्याकडे गेले. दार लोटलेलं होतं आणि स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू येत होतं.

"नमस्कार," भावोजींचा आवाज. "कसा गेला आजचा दिवस?"

"कसा जाणार," ताई म्हणाली. "नळ पुन्हा गळायला लागलाय."

"आज सुरुवात सेलोने करू या."

"करा. पण नळाचं बघा."

मला वाटलं, भावोजी रजा घेऊन घरी बसलेत आणि चक्क संसाराचं बोलताहेत. मी खूश होऊन आत गेले. ओट्यावर रेडिओ, त्याच्यासमोर ताई, हातात अर्धा चिरलेला कोबी. ती मला बघून ओशाळलीसुद्धा नाही. रोजचंच आहे, म्हणाली, चार ते सहा आमचं बोलणं होतं. तिची एकच तक्रार होती, की हे पूर्ण बोलू देत नाहीत. वाक्य जरा रंगात येतं आणि ह्यांचं सेलो सुरू होतं. मी कपाळावर हात मारला. पण सुखी दिसत होती हो, म्हणून मी काही बोलले नाही. आणि इतकी वर्षं ते तसंच सुरळीत चाललं होतं.

मग केंद्रावर नव्या प्रमुख बाई आल्या. हुशार बाई, माझ्याकडून दोन जाकिटं शिवून घेतलीत, मापाला उभ्या राहिल्या की हलत नाहीत. त्यांनी संगणक आणला. आता उद्घोषकाने रोज यायची गरज नाही. सोमवारी सकाळी येऊन आठवड्याभराचं बोलणं एकदम बोलून ठेवायचं, मग संगणक ते रोज चार वाजता दोन रचनांच्या मधे नेमकं बसवतो, मी शिवलेल्या कपड्याला खिसा बसवते तसं. कोणाला पत्ता लागत नाही. सगळे उद्घोषक खूश झाले. भावोजी हं म्हणाले. कसला ते ताईलाही ओळखता आलं नाही.

तर अशा रीतीने भावोजी दुपारी घरी बसायला लागले, आणि ताईच्या संसाराचा खेळखंडोबा झाला.

पहिल्याच दिवशी चार वाजता रेडिओने विचारलं, कसा गेला दिवस. ताईने तोंड उघडलं, तर समोरच्या खोलीत खुर्चीत खुद्द भावोजी पेपर वाचत बसलेले. तिने तोंड मिटलं. नवऱ्यादेखत नवऱ्याशी कसं बोलणार? भावोजींनाही आपला आवाज ऐकून अवघडल्यासारखं होत असावं, त्यांनी पेपर आणखी वर धरला. पेपरचा खसखस आवाज झाला. तर ताई, जी आयुष्यात त्यांना कधी उलट बोलली नाही, ती आतून ओरडली, "जरा गप्प बसा, तुमचा कार्यक्रम लागलाय." हे तिनेच मला सांगितलं. सांगताना ती हसली नाही, म्हणून मीही हसले नाही.

पुढच्या आठवड्यापासून ती चारला पाच कमी असताना माझ्या दुकानात यायला लागली. माझं दुकान म्हणजे रस्त्याकडे काच, दोन मशीन, कपडे बदलायला एक पडदा, आणि पॅन्टच्या पायपट्टीचं माप घ्यायला एक लाकडी चौरंग, त्यावर गिऱ्हाईक उभं राहतं. रेडिओ शेल्फवर. ताई स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायची आणि गिऱ्हाइकांच्या देखत नवऱ्याशी बोलायची. नवरा पाच मिनिटांवर घरात बसलेला. मी म्हटलं, अगं, माणूस आता चोवीस तास घरात आहे की. ती म्हणाली, "तेच तर. पूर्वी निदान दोन तास सोबत असायची."

आणि एक दिवस तिने सांगून टाकलं, की महिनाअखेरीस ती माझ्याकडे राहायला येणार. कायमची. भांडण नाही, राग नाही. त्या घरातली शांतता तिला आता सहन होत नव्हती, एवढंच. गुडघा दुखतो, रात्री झोप लागत नाही, मुलगी फोनवर घाईत असते, आणि समोर एक माणूस बसलाय तो हं म्हणतो. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने चष्मा काढून पुसला.

माझे हे जाऊन बरीच वर्षं झाली. एकटीने जेवायचा मला मनस्वी कंटाळा येतो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मागच्या खोलीतले कापडाचे तागे मी त्याच दिवशी माळ्यावर चढवले, खाट टाकली, खिडकीला उरलेल्या निळ्या कापडाचा पडदा शिवला. ताईने तिची बॅगसुद्धा आधीच आणून ठेवली. भावोजींना सांगितलंस का, मी विचारलं. सांगितलं म्हणाली. मला बरं वाटलं. मग मला आठवलं, की आदल्या दिवशी रेडिओसमोर ती काहीतरी पुटपुटली होती आणि रेडिओने त्यावर "यानंतर ऐकू या पियानो" असं उत्तर दिलं होतं.

"तू ह्याला सांगितलंस?" मी शेल्फकडे बोट दाखवलं.

"झालं ना सांगून," ताई म्हणाली.

आता मात्र माझं डोकं सणकलं. ताईवर नाही, भावोजींवर. दुकानाला कुलूप घातलं आणि तडक त्यांच्या घरी गेले. ते खुर्चीत, पेपर वर. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. म्हटलं, भावोजी, तुमची बायको तुम्हाला सोडून माझ्या दुकानात येते, आणि तिथे कोणाशी बोलते, तर तुमच्याशीच. महिनाअखेरीला ती कायमची येतेय. खोली तयार आहे, आणि मला ती आलेली हवी आहे, हेही ऐकून ठेवा. पण तुम्हाला न कळता आली तर उद्या तुम्ही मला बोल लावाल. म्हणजे लावणार नाही तुम्ही, तेवढं तोंड कुठे आहे तुम्हाला. पण मला ते टोचत राहील.

पेपर खाली आला. भावोजींचा चेहरा उतरलेला होता. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, पूर्ण वाक्यात, आणि असं माझ्या आठवणीत पूर्वी झालेलं नाही.

"रेडिओला ती काय सांगते?"

मी सांगितलं. नळ, गुडघा, मुलीचे तुटक फोन, तिला पडणारी स्वप्नं, त्यांचा राखी कोट तिला कधीच आवडला नाही ते, सगळं. आणि तुम्ही तिला पूर्ण बोलू देत नाही हेही. भावोजींनी पेपराची घडी घातली. पुन्हा उलगडून पुन्हा घातली.

"किती वेळ लागतो तिला?" त्यांनी विचारलं. "उत्तर द्यायला."

मी म्हटलं, लहानसहान असेल तर लगेच. मोठं काही असेल तर आधी चष्मा काढते, पुसते, घालते, मग बोलते. त्यावर ते आखूड हं म्हणाले. मी हात टेकले आणि घरी आले.

पुढल्या आठवड्याची गोष्ट. दुपारचे चार, ताई स्टुलावर, आणि चौरंगावर एक वकीलबाई पॅन्टच्या पायाला टाचण्या लावून घेत उभ्या.

"नमस्कार," रेडिओ म्हणाला. "कसा गेला आजचा दिवस?"

आणि गप्प बसला.

"बरा गेला," वकीलबाई म्हणाल्या.

ताईने त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि सवयीने घाईघाईत नळाचं एक वाक्य सांगून टाकलं. नळाचं सांगून झालं तरी रेडिओ गप्पच. मग तिने गुडघ्याचंही थोडं सांगितलं. "बरं," रेडिओ म्हणाला, आणि व्हायोलिन सुरू झालं. ताईने आधी रेडिओकडे संशयाने पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्या तशाच धरून ठेवल्या.

असं रोज व्हायला लागलं. भावोजी काहीतरी विचारायचे, थांबायचे, मग "बरं" किंवा "असं होय" म्हणायचे. केंद्रावर फोन आले. एकाने सांगितलं, माझा रेडिओ बिघडलाय, मधेमधे आवाज जातो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र विनंती केली, की थांबायची वेळ जरा वाढवता येईल का, त्यांचं मुलाबद्दलचं अर्धवट राहिलं होतं. हे मला तंत्रज्ञाने सांगितलं, तोच तो फुलंवाला, पॅन्टची चेन बदलायला आला होता. तो काळजीत होता. म्हणाला, स्टुडिओत दुपारी माणूस नसतो म्हणून बाईंनी एक पहारेकरी यंत्र बसवलंय. दहा सेकंद कसलाच आवाज आला नाही, की यंत्राला वाटतं केंद्र बंद पडलं, आणि ते आपण होऊन बँड लावतं. कवायतीचा पितळी बँड. तो मग कोणीतरी येऊन हाताने बंद करेपर्यंत वाजत राहतो. तुमचे भावोजी आठ-नऊ सेकंदांपर्यंत जातात हो, म्हणाला, आमचा जीव टांगणीला लागतो.

मी ताईला विचारलं, घरी काही फरक? घरी हं, ती म्हणाली. मग ठरलंय तसंच. महिन्याचा शेवटचा शुक्रवार आला. शनिवारी सकाळी ती उरलेलं सामान आणणार होती.

शुक्रवारी वकीलबाई पुन्हा चौरंगावर होत्या, दुसरी पॅन्ट. चार वाजले. रेडिओ नमस्कार म्हणाला नाही.

"आज संगीत जरा थांबू दे," भावोजींचा आवाज. घाई नव्हतीच, पण कुठेतरी कोरडा वाटला मला. "एक विचारायचं होतं. तू जाऊ नकोस असं मला वाटतं. राहशील का?"

मी खडू हातात धरून तशीच थांबले. वकीलबाईंनी या वेळी उत्तर दिलं नाही. ताईने हळूच चष्मा काढला. काच पुसली. दुसरी काच पुसायला घेतली, आणि शेल्फवरून ढम् ढम् करत बँड सुरू झाला. झांजा, तुताऱ्या, सगळं काही. ताई चष्मा हातात धरून त्या रेडिओकडे बघत राहिली. मग उठली आणि दुखऱ्या गुडघ्याने रस्त्याला लागली.

मी मागोमाग. मापाची पट्टी गळ्यातच राहिली, वकीलबाई टाचण्यांसकट चौरंगावर राहिल्या. मला वाटलं, ताई घरी निघाली. तर कोपऱ्यावर डावीकडे वळायचं सोडून ती सरळ गेली. सरळ म्हणजे केंद्राकडे. इतकी वर्षं तो आवाज तिथून यायचा, तर उत्तर द्यायला पाय तिकडेच वळले. मी मागून हाका मारल्या, ते तिथे नसतात गं आता. तिला ऐकू गेलं नाही, नाहीतर ऐकायचं नव्हतं.

केंद्राच्या खालच्या दालनात एक बाक, एक कुंडी, भिंतीवर कर्णा. जे रेडिओवर लागलेलं असतं ते तिथे ऐकू येतं, म्हणजे बँड. रखवालदाराने विचारलं कोणाला भेटायचंय. ताईने सांगितलं. तो म्हणाला, ते सोमवारीच येतात.

"आत्ता मला विचारलंय त्यांनी," ताई म्हणाली.

रखवालदार भला माणूस होता. त्याने आवाज खाली आणला आणि समजावलं, बाई, ते यंत्रात भरलेलं असतं, साहेब घरी असतील. ताई बाकावर बसली. "घरीच तर होते की गं," ती मला म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला. त्या क्षणी मला खोली नको होती, काही नको होतं.

तेवढ्यात दारातून भावोजी आले. पायात घरातल्या सपाता, शर्टाची बटणं एक घर चुकलेली, धाप लागलेली. घरी त्यांनीही रेडिओ लावला होता. बँड वाजल्यावर तो बंद करायला केंद्रावर कोणी नसेल हे त्यांना माहीत, म्हणून धावत आले. बाकावर ताईला बघून ते जागच्या जागी थांबले. आणि जिन्यावरून प्रमुख बाई उतरल्या, माझं जाकीट घालून.

बाई चिडल्या नव्हत्या, त्यांना फक्त कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही श्रोत्यांना 'तू' म्हणालात?"

"सगळ्यांना नाही," भावोजी म्हणाले. "हिला."

बाईंनी ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या पट्टीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, की यंत्र दहा सेकंदच थांबतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का. भावोजी म्हणाले, ठाऊक होतं, पण दहा सेकंदांत ही उत्तर देत नाही.

"आणि हे तुम्हाला घरी विचारता येत नव्हतं?"

भावोजी आपल्या सपातांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हं येणार, लांब. पण ते बोलले, त्याच आवाजात, रेडिओतल्या. मी तो आवाज त्यांच्या तोंडातून निघताना पहिल्यांदा पाहिला.

"मी कामाला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी मला शिकवलं, हजारो लोकांशी बोलतोय असं समजायचं नाही. एकच माणूस घरी बसून ऐकतंय असं समजायचं आणि त्याच्याशी बोलायचं. तेव्हा मला असं कोणी नव्हतं. मग ही आली. तेव्हापासून मी हिच्याशीच बोलतोय. रोज दोन तास. घरी पोचेपर्यंत माझं सगळं बोलून झालेलं असायचं. परत तेच काय सांगायचं?"

कर्ण्यातून झांजा वाजत होत्या. बाकीचे उद्घोषक 'श्रोतेहो' म्हणतात आणि भावोजी कधीच म्हणत नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. इतकी वर्षं मी त्यांना मुखदुर्बळ म्हणत होते, तोंडावर आणि पाठीमागेही.

"आणि मी काय म्हणत होते ते?" ताईने विचारलं.

"ते ऐकायला थांबलो," भावोजी म्हणाले, "तर बँड लागला."

प्रमुख बाई म्हणाल्या, आधी तो बँड बंद करा. भावोजी वर गेले. थोड्या वेळाने कर्णा गप्प झाला, आणि त्या दालनात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. भावोजी खाली येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. ताईने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. कोणी घाई केली नाही. प्रमुख बाईसुद्धा जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"राहते," ताई म्हणाली. "पण मी सगळं पहिल्यापासून सांगणार."

"सांग," भावोजी म्हणाले.

ते दोघं घराकडे गेले. मी दुकानात आले, वकीलबाईंना चौरंगावरून उतरवलं आणि त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफीचं राहू दे, तुमची ताई काय म्हणाली ते सांगा. संध्याकाळी मी मागच्या खोलीतल्या खाटेवर बसून थोडी रडले. ताईसाठी आनंद झाला होता, आणि मला माझ्यासाठी वाईट वाटत होतं. दोन्ही एकदम होतं, त्याला मी काय करू. दुसऱ्या दिवशी ताईची बॅग मीच पोचवून आले.

प्रमुख बाईंनी भावोजींना कामावरून काढलं नाही. फक्त ताकीद दिली, की यापुढे रेडिओवर कोणाला काही विचारायचं नाही आणि थांबायचं नाही. भावोजींनी ते मान्य केलं. आता चार ते सहा ते रचनेचं नाव सांगतात, वादकाचं नाव सांगतात, झालं. केंद्रावर तक्रारी येतात, की हा माणूस पूर्वी किती छान बोलायचा, हल्ली अगदी कोरडा झालाय. मुलाबद्दल सांगणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तीनदा फोन केला. मीही चार वाजता रेडिओ लावते. कोणी काही विचारत नाही, तर मी पायपट्ट्या दुमडत बसते.

ताई आता दुकानात फिरकत नाही. परवा म्हटलं, जिवंत आहे की नाही बघावं, म्हणून मी तिला फोन लावला. फोन भावोजींनी उचलला. मागून ताईचा आवाज सलग ऐकू येत होता, खाली पडायचं नाव नाही.

"नंतर कर," भावोजी दबक्या आवाजात म्हणाले. "तुझी ताई सांगतेय. मुलीला पहिला दात आत्ताच आलाय."

आणि त्यांनी फोन ठेवला. त्या वेगाने मुलीचं लग्न व्हायला अजून बराच अवकाश आहे.